विसरलेला पत्रा

ताईची जुनी स्टेशन वॅगन म्हणजे भावजींचा जीव की प्राण. ते गेल्यावर तीन वर्षं ती अंगणात उभी होती. इंजिन पार बसलेलं. "नवं इंजिन घाल, पण हिला भंगारात काढू नकोस," ताईने धाकट्या भावाला बजावलं. भाऊ पट्टीचा मिस्त्री. त्याने नव्या गाडीचं दणकट इंजिन आणलं, ते बसेना म्हणून खालच्या पट्ट्या कापून पुन्हा वेल्डिंग केलं, सायलेन्सरचा पाइप वळवून घेतला. बाराव्या दिवशी सकाळी गाडी अशी सुरू झाली, की शेजारचा पेंटर ब्रश टाकून बघायला आला.

त्याच दिवशी ताईला तिच्या सासूबाईंना घाट उतरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"आधी एक चक्कर मी मारून आणतो," मिस्त्री म्हणाला.

"वीस वर्षं चालवलीय मी ही गाडी. तू हात धू," म्हणत ताई सासूबाईंना घेऊन निघालीसुद्धा.

तो हत्यारं आवरायला बसला, तर जॅकमागे हातभर लांब पत्रा. सायलेन्सरची धग ब्रेकच्या नळीला लागू नये म्हणून मधे बसवायचा तोच हा पत्रा! नवा पाइप तर नळीला जवळजवळ चिकटूनच गेला होता. नळी तापून आतलं तेल उकळलं, की ब्रेकचं पेडल सरळ तळाला जाणार. आणि ताई घाट उतरत होती.

त्याने फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त त्यानेच तिला लावली होती.

पेंटरची मोटरसायकल घेऊन तो सुटला. प्रत्येक वळणावर आधी कठडा बघायचा, मग दरी. सातव्या वळणावर रस्त्यावर टायरचे काळे पट्टे होते आणि कठड्याचा एक दगड निखळलेला. खाली वाकून बघायचा धीरच होईना. शेवटी डोळे किलकिले करून त्याने पाहिलं. खाली नुसती झुडपं.

पुढच्या वळणाला गाडी डोंगराकडच्या गटारात कलंडलेली दिसली. सासूबाई रस्त्याकडेला दगडावर बसून तोंडावर पाणी मारत होत्या. ताई अजून आतच, दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून.

"पेडल खाली गेलं रे," ती पुटपुटली. "कठड्याला घासली. मग गिअर उतरवत आणली नि डोंगराला लावली."

"पत्रा बसवायचा राहिला, ताई. चूक माझीच."

त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. ती बर्फासारखी गार होती. सासूबाई म्हणाल्या, "अरे, आधी तू बस. तूच पडशील."

तो तिथेच रस्त्यावर मटकन बसला. क्रेन यायला तासभर लागला, तोवर तो तिथून उठला नाही.