वणव्यात वहिनी

‘वणवा’ नावाचा रॉक बँड विझून बावीस वर्षं झाली होती. त्यातला गिटारवाला आता चष्म्यांचं दुकान चालवत होता, ड्रमवाला लोकांना गाडी शिकवत होता. मग त्यांच्या एका जुन्या गाण्यावर कॉलेजातली पोरं नाचली, तो नाच लाखोंनी मोबाइलवर पाहिला, आणि रेकॉर्ड कंपनीचा फोन आला: जुन्या गाण्यांचा नवा अल्बम काढता का? गिटारवाला इतका हरखला, की समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर त्याने भलत्याच माणसाचा चष्मा चढवला.

गायक मात्र तालमीला आला तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून. एकेकाळी त्याच्या ओरडण्याने तावदानं थरथरायची. आता तो कानाशी येऊन पुटपुटला, "डॉक्टर म्हणतात बोल, पण ओरडू नकोस. माझ्याशिवाय करा."

गिटारवाल्याचा चेहरा पडला. शाळेपासूनचा दोस्त, गाणी लिहिणाराही तोच. पण कंपनीला शब्द देऊन झाला होता. नव्या गायकांचा शोध सुरू झाला. एकाला पहिल्याच किंकाळीत उचकी लागली. दुसरा ड्रमवाल्याला ‘आजोबा’ म्हणाला, म्हणून गेला.

तालीम चालायची गिटारवाल्याच्या थोरल्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत. वहिनी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालताना ती दारात थबकली.

"भावोजी, एवढं ओरडायचं कशाला? नीट सांगितलं की लोक ऐकतात."

"मग तुम्हीच सांगा की!" गिटारवाला वैतागून म्हणाला.

वहिनीने हात पुसले आणि माइक धरला. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून गाणी तिला तोंडपाठ होती. ‘जाळून टाका सारं शहर’ ही ओळ तिने अशी म्हटली, जणू शहर फलाट क्रमांक चारवरून सुटणार होतं. ड्रमवाल्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि तो उठून उभा राहिला.

"काय झालं रे?"

"काही नाही. गाडी फलाटाला लागली असं वाटलं."

पण अंगावर काटा दोघांच्याही आला होता. वहिनीने आठवडाभराची रजा टाकली.

स्टुडिओत एकच भांडण झालं. प्रत्येक ओळीआधी वहिनीच्या तोंडून ‘कृपया’ निसटायचं.

"वहिनी, बंडखोर माणूस कृपया म्हणत नाही हो!"

"म्हणूनच तुमच्या बंडाचं आजवर काही झालं नाही."

‘कृपया’ राहिलं.

अल्बम निघाला त्या संध्याकाळी सभागृहात चारशे लोक जमले. जुने चाहतेच बहुतेक, कुणाला टक्कल, कुणाला पोट. वहिनी शांतपणे गायली, "कृपया मागच्यांनी पुढे यावे." पूर्वी या ओळीला चेंगराचेंगरी व्हायची. आज लोक ओळीने, एकमेकांना वाट देत पुढे आले. त्या रांगेत गिटारवाल्याला मफलर दिसला आणि त्याची बोटं अडखळली. आता हा काय म्हणेल? आपली जागा बळकावली म्हणेल?

कार्यक्रम संपल्यावर गायक स्टेजमागे आला. डोळे ओले होते.

"इतकी वर्षं मी ओरडत होतो," तो पुटपुटला. "शब्द कुणाला कळलेच नाहीत. मलाही नाहीत. आज पहिल्यांदा कळले."

गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली. "कसे वाटले?"

"फार वाईट आहेत रे."

गिटारवाला हसता हसता खाली बसला. ड्रमवाल्याला वाटलं याला झटका आला, म्हणून तो पाणी घेऊन धावला. वहिनीने मात्र पर्समधून पेन काढून गायकाच्या हातात ठेवलं.

"बसा मग. पुढचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी आहे."

गायक नेमाने मागच्या खोलीत येऊ लागला. पंधरा दिवसांत त्याने चाळीस ओळी बदलल्या. वहिनीने त्यातल्या एकोणतीस ओळी व्याकरणाच्या चुका काढून परत केल्या.