सोंगीची जागा आणि मुकी काठी

मी मानबोकची काठी बोलतेय. बोलतेय म्हणजे आपली मनातल्या मनात, आणि तेच तर माझं दुखणं आहे.

थेबेकच्या डोंगरात मी ओकची फांदी होते. पलीकडच्या खोऱ्यातली कोळशाची खाण बंद पडली आणि मानबोक घरी बसला. मग त्याने मला तोडलं, तासलं आणि बापाने मरताना कानात सांगितलेली जागा गाठली. आमचा डोंगर दिसतो हिरवागार, पण आत सगळा दगड. वर जेमतेम वीतभर रेताड माती. भात कुठला पिकायला? पण शरदात पाइनच्या सुयांखाली सोंगी अळंबी उगवते, बाजारात सोन्याच्या भावाने जाते आणि घर तिच्यावर चालतं. माझ्या टोकाने सुया अलगद सारायच्या, अळंबी काढायची, सुया होत्या तशा पसरायच्या. कुणाला संशय येता कामा नये!

जागा सांगायची ती मरताना, हा आमच्याकडचा रिवाज. तोवर बायकोलाही नाही. ती, बुन्ने, विचारायची, "आज कुठल्या अंगाला?" हा "उत्तरेला" म्हणायचा आणि पूर्वेला जायचा.

गेल्या शरदात तिथेच त्याचा पाय रेतीवरून सटकला. घोटा मोडला. तो आवाज आठवला की मी अजून दचकते. उत्तरेला शोधून थकलेला शेजारी देसिक दुसऱ्या दिवशी दुपारी इकडे वळला. "मानबोकदादा! अहो, कुठे आहात?" इतका जवळ! आणि हा पठ्ठ्या तोंडात बाही कोंबून गप्प. का, तर देसिकला जागा दिसेल! ओरड ना रे, ओरड! मी नुसती तडफडले. काठीचं कोण ऐकतं?

हाका विरल्या. मग माझ्यावर भार टाकत, सरपटत, त्याने अख्खी दगडी धार ओलांडली. माझं टोक पिचलं. पलीकडच्या उतारावर पोचला आणि मग याने बोंब ठोकली.

"इथे तर काहीच उगवत नाही, दादा. हवा खायला आला होतात?" देसिकने त्याला पाठीवर घेतलं. मागून बुन्ने रडतही होती आणि भांडतही होती.

पाय वाकडाच जुळला. डोंगर कायमचा सुटला. यंदा पाऊस सोंगीला अगदी हवा तसा झालाय. लेक मीग्योंग शहरातली नोकरी सोडून आली.

"बाबा, आता तरी जागा सांगा."

"अजून मेलो नाही मी."

"मग घर कशावर चालवू? तुम्ही सापडलात तिथेच ना ती?"

त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "हं."

सकाळपासून आम्ही त्या उतारावर आहोत. पोरगी माझ्या पिचलेल्या टोकाने सुया उलटतेय, खाली नुसती रेती. गुडघे सोलवटलेत, डोळे भरलेत, तरी पुटपुटते, "बाबा मला खोटं नाही सांगणार."

अगं, ही धार ओलांड ना, मीग्योंग. पलीकडे सोंगी उभी कुजतेय गं.