उजवीकडून सुरुवात

स्ट्रोकनंतर माझे डोळे ठणठणीत होते. मेंदूनेच डावी बाजू सोडून दिली होती. ताटातली उजवीकडची भाजी-पोळी मी संपवायची, डावीकडचा भात तसाच ठेवायची आणि वर शानीलाच सुनवायची, "भात वाढायला विसरलीस." शानी माझी मुलगी. ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते. आईचं इंजिन मात्र तिला दुरुस्त होण्यातलं वाटत नव्हतं.

मी जेमिमा, वय एकाहत्तर. लंडनच्या वेम्बलीत चाळीस वर्षं काढली. राफाएल, माझा नवरा, गेल्यापासून एकटी राहते आणि खुशाल राहते. पण हॉस्पिटलमधून आल्यावर एका सकाळी मी चहा केला, डावीकडचा गॅस चालूच राहिला आणि शेजारचा भांडी पुसायचा टी-टॉवेल पेटला. रजा काढून आलेली शानी घरात होती म्हणून निभावलं. त्याच दुपारी तिने ब्रिस्टलच्या एका केअर होममध्ये माझ्यासाठी खोली धरून ठेवली, महिनाअखेरपर्यंत.

"मम, प्लीज डोन्ट फाइट. मी तिथे रोज येऊ शकते."

"मी भांडत नाहीये. मी येत नाहीये, एवढंच सांगतेय."

दर मंगळवारी दिया नावाची थेरपिस्ट घरी यायची. लंडनमध्येच, पिनरला वाढलेली मुलगी, आईवडील पुण्याचे. मराठी बोलायची तिला भारी हौस. "आंटी, ब्रेन नवीन रस्ता शिकतो," ती म्हणाली, "पण खूप प्रॅक्टिस पाहिजे. एन्ड ऑफ द मंथला मी तुमचा किचन टेस्ट घेते. मग डिसाइड करू. शानी, ओके?"

शानी "ओके" म्हणाली, पण खोली काही सोडली नाही.

दियाने माझ्या मराठी पुस्तकाच्या पानांना डावीकडे लाल पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायचं. सोपं होतं, पण मी पट्टीच विसरायची. ओळ मधूनच सुरू व्हायची आणि मला ती पूर्ण वाटायची. काहीतरी सुटलंय, हेच जिला कळत नाही, ती शोधणार काय, कपाळ? दोनदा मी ते पुस्तक भिरकावलं.

मग शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी आणि देवाशी हिब्रू. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि वडिलांनी ती लहानपणीच माझ्याकडून घोटून घेतलेली. मी वाचत गेले, आणि ओळ मध्येच संपली. जीभ मात्र थांबायला तयार नव्हती. अजून तीन शब्द आहेत, असं ती हट्टाने सांगत होती. मी चिडले. तोंडात आहेत म्हणजे कागदावर असायलाच हवेत! बोट कागदावर दाबून डावीकडे सरकवत नेलं, मान वळवली, आणखी वळवली, आणि सापडले की तिन्ही शब्द. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शानी धावत आली.

दियाला सांगितलं तर तिने आधी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आंटी, मग किचनपण हिब्रूसारखाच वाचा ना!"

तेच केलं. पाठ असलं की गाळलेलं कळतं, हे मला उमगलं होतं. म्हणून स्वयंपाकघर पाठ केलं. फ्रिज, सिंक, किटली, उजवा गॅस, डावा गॅस, टोस्टर, दार. प्रत्येक वस्तूला बोट लावायचं, नाव घ्यायचं, आणि दार आल्याशिवाय थांबायचं नाही. दिवसातून तीस वेळा. मान दुखायची, डोकं उठायचं. जवळच्या ईलिंग रोडची दुकानंसुद्धा मी शानीच्या दंडाला धरून अशीच घोकली. "मम, इनफ!" ती म्हणायची. इनफ म्हणे! घर माझं जाणार होतं, तिचं नाही.

परीक्षेच्या सकाळी शानी दुकानात जाऊन येते म्हणून बाहेर पडली. दिया वही घेऊन माझ्या उजवीकडे बसली. मी डाव्या गॅसवर चहा ठेवला, आलं किसलं, दूध घातलं, दोन कप भरले. मग बोट उचललं. फ्रिज. सिंक. किटली. उजवा गॅस, बंद. पुढचं नाव जिभेवर होतं, पण दिसत काहीच नव्हतं. मान वळवली. डावा गॅस, चालू. बंद केला. टोस्टर. आता दार.

दारात शानी उभी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फ्रॉम द बिगिनिंग. मुद्दाम बोलले नाही. आय हॅड टू नो, मम."

महिन्यापूर्वी ती तासभर त्या डावीकडच्या दारात उभी राहिली असती, तरी मला पत्ता लागला नसता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला भयंकर राग आला. आईची परीक्षा घेते कार्टी! 

पण तिने तिथल्या तिथे, माझ्यासमोरच ब्रिस्टलच्या केअर होमला फोन लावला. "नो, थँक यू. माय मदर इज स्टेइंग अ‍ॅट होम."

मी दोघींच्या हातात कप दिले, बाथरूममध्ये गेले, दाराला कडी घातली आणि नळ सोडून पोटभर रडले.