जत्रेआधीचा पिवळा रंग

मॉरिट्सने आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगितलं होतं, "या तोफगोळ्यावरचा रंग पहिल्या महायुद्धातला. कुणाचा हात लागलेला नाही." बेल्जियममधल्या इपरच्या शेतांत नांगराला अजूनही गोळे लागतात, पण ते गंजून काळे पडलेले. हा मात्र मळ्यातल्या एका घराच्या कोरड्या तळघरात मिळालेला, दारू काढून रिकामा केलेला. अंग पिवळं, मध्ये हिरवा पट्टा, टोकाशी लाल कडं.

मॉरिट्स जाऊन तीन महिने झाले होते. रविवारी गावच्या सभागृहात संग्राहकांचं प्रदर्शन होतं आणि मूळ रंगाच्या गोळ्यांचं एक फडताळ त्याच्या नावाने मांडायचं ठरलं होतं. तिथे हा गोळा मधोमध बसावा, एवढीच त्याच्या बायकोची, गोडलीव्हची इच्छा होती.

पण रंग तपासायच्या दिव्याखालून गेल्याशिवाय कुठलाही गोळा त्या फडताळावर चढत नसे. नियम मॉरिट्सचाच. आता सभागृहात तो दिवा फिर्मिनच्या हातात होता आणि गोडलीव्ह गोळा घेऊन समोर बसली होती. वय साठ, पण मॉरिट्सच्या हाताखाली शिकलेला, म्हणून गावाच्या लेखी अजून शिकाऊच.

"मावशी, याला काय तपासायचं?" तो म्हणाला.

"तपास बाबा. नाहीतर वरून त्याची बोलणी खाईन मी."

फिर्मिनने दिवा आडवा धरला, गोळा हळूहळू फिरवला आणि एका जागी थांबला.

"बोल की. नुसतं तोंड बघायला नाही बसलेय मी तुझं."

"हे गंजाचे खड्डे बघा. रंग त्यांच्या आत उतरलाय. म्हणजे गंज आधीचा, रंग नंतरचा. बुडाजवळची ही तांब्याची पट्टी कारखान्यात कोरी ठेवायचे, तिच्यावर पिवळा ओघळ आलाय. आणि हा इथे ब्रशचा केस चिकटलाय."

"म्हणजे मॉरिट्स खोटं बोलायचा?"

"त्याच्या नजरेतून सुटलं असेल."

"त्याच्या? बाजारात तो आला की विकणारे माल झाकायचे, असं तूच सांगतोस ना?"

गोडलीव्हने त्या ओघळावर बोट ठेवलं आणि तिला एकाहत्तर साल आठवलं.

लग्नाला वर्ष झालं होतं. मॉरिट्स मूतखड्यासाठी इस्पितळात, आणि जत्रा आठवड्यावर आलेली. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका हातात ब्रश घेऊन उभ्या होत्या. खिडक्या, कुंपण, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सुटत नसे. जत्रेच्या रविवारी दारात जुना रंग दिसला, तर सासूबाई वर्षभर तेच ऐकवत. खिडक्या रंगवून उरलेला हिरवा होता, शेजारणीच्या सायकलीचा लाल होता, पिवळा तेवढा विकत आणला. नवरा घरी येईल तेव्हा त्याची आवडती वस्तूही चकचकीत असावी, बस.

"अरे, मीच दिला होता," ती म्हणाली. "पण पिवळ्यावर पिवळाच दिला होता. हिरव्या खिडकीवर हिरवा दिला तर खिडकी बदलते का?"

फिर्मिनला हसू आवरेना. "मावशी, खिडकीचं वेगळं. तो काय म्हणाला?"

"बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, छान दिसतोय. आणि सूप मागितलं." ती थांबली. "कुणाचा हात लागलेला नाही, हे तो त्यानंतर सांगायला लागला. मला वाटायचं, कौतुकाने सांगतोय."

"वरचा थर निघेल," फिर्मिन घाईने म्हणाला. "स्पिरिट, कापसाचा बोळा आणि दोन दिवस. गोळ्यावर छापलेल्या जुन्या अक्षरांच्या कडा खाली जाणवतायत, मूळ रंग शाबूत असणार. रविवारी मधोमध ठेवू. त्याचा शब्दही खरा होईल."

"हे काढायचं काम मॉरिट्सला येत होतं?"

"त्यानेच तर शिकवलं मला."

"मग पंचेचाळीस वर्षं त्याने का नाही काढला?"

फिर्मिनने दिवा बंद केला.

गोडलीव्हने गोळा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला. "फडताळावर त्याचा दुसरा कुठला तरी मांड. हा घरी येतोय माझ्याबरोबर."

"जड आहे मावशी, मी उचलतो."

"उचल. पण रंगाला नख लागता कामा नये."