पेवातल्या बारा बाटल्या

पेवाच्या पायऱ्या चढून लालासाहेब वर आले ते बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरूनच. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण एवढीशी बाटली आणताना एकेक पायरी जपून चढला होता. पडवीतल्या टेबलावर त्यांनी ती ठेवली, तिच्यावरची चिठ्ठी पाहुणीकडे वळवली आणि खुर्चीत न बसता बाजूला उभे राहिले.

पाहुणी म्हणजे प्रियदर्शनी. मूळची कराडची, आता नाशिकला एका वाईनच्या कारखान्यात चव पारखायच्या कामावर होती. लालासाहेबांच्या मुलाबरोबर, जयराजबरोबर शिकलेली. तिला बोलाव म्हणून लालासाहेबांनी सुनेच्या मागे महिनाभर टुमणं लावलं होतं. दीपमाला दर वेळी काहीतरी सबब काढायची.

"ऱ्हाऊ द्या की आबा. बंद हायती तेच बरं."

पण आबांना धीर नव्हता. पाच वर्षं भरली होती.

जयराज त्यांचा एकुलता एक. आष्ट्याच्या शिवारात जो तो ऊस लावत असताना या पठ्ठ्यानं अर्धा एकर वाईनची द्राक्षं लावली. मणी बारीक, साल जाड, बियाच जास्त. गावानं येड्यात काढला. पहिल्या तोडणीची वाईन त्यानं एका ओळखीच्या कारखान्यात करून घेतली आणि तेरा बाटल्या घरी आणल्या. घरामागं हळद साठवायचं जुनं पेव रिकामं पडलं होतं. जमिनीखालची ती गोल कोठी. आत ऊन नाही, धक्का नाही, बारा महिने गारवा. त्यानं बाजूनं पायऱ्या खणल्या, दार बसवलं, फळ्या मारल्या आणि प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या अक्षरात आपलं नाव आणि साल लिहिलं.

तेरावी बाटली त्यानं तेव्हाच फोडून बापाला घोटभर दिली होती.

"ह्याच्यापरास कॅन्टीनची रम बरी," लालासाहेब थुंकून म्हणाले होते. "आंबट पाणी हाय हे. गप ऊस लाव."

जयराज चिडला नव्हता. "कवळी हाय अजून, आबा. पाच वर्सं हात लावू नका. मग तुमच्या हातानं काढा आन् मग बोला."

त्याच पावसाळ्यात आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि जयराज गेला. बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून लालासाहेबांना दुसरं काही नको होतं. कुणीतरी जाणत्या माणसानं समोर बसून म्हणावं की तुमचा पोरगा बरोबर होता, तुम्हीच चुकलात. आयुष्यात कधी वादात मागं न सरलेल्या या माणसाला एवढा एक वाद हरायचा होता.

प्रियदर्शनीनं बुचात स्क्रू फिरवला. बूच वर येता येता मधेच तुटलं आणि त्याचा भुगा टेबलावर सांडला. उरलेला तुकडा काढून तिनं बोटभर वाईन पेल्यात ओतली, पेला उजेडाला धरला. लाल रंग विटकरीवर गेला होता. तिनं वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि पेला हळूच खाली ठेवला.

"काका, दुसरी आणता?"

लालासाहेबांनी दुसरी आणली. मग तिसरी. तिसऱ्या वेळी तिनं चवही घेतली नाही, वासावरच थांबली. तोवर तो वास पडवीभर झाला होता. लोणच्याची बरणी बिघडली की येतो तसा.

"बाटल्या आडव्याच ठेवल्या होत्या ना?" तिनं विचारलं. "आडवी असली की वाईन बुचाला लागते. बूच ओलं राहतं, फुगून घट्ट बसतं. उभी ठेवली की ते वाळतं, हवा आत जाते. मग आतलं सगळं आंबतं."

लालासाहेबांनी टेबलाची कड धरली.

जयराजचं तेरावं झाल्यावर ते पहिल्यांदा पेवात उतरले होते. फळीवर बारा बाटल्या ओळीनं आडव्या होत्या आणि प्रत्येकीवर जयराजचं नाव. अंगणात त्याला असाच आडवा ठेवला होता. त्यांना ते बघवलं नाही. एकेक बाटली उचलून त्यांनी उभी केली. मग दर रविवारी जायचे, वारा लागावा म्हणून दार सताड उघडायचे, फडक्यानं पुसून बाटल्या एका रांगेत लावायचे. परेडला उभ्या केल्यासारख्या.

"माझ्याकडनं झालं, ताई," दीपमाला एकदम म्हणाली. "झाडताना उभ्या केल्या. ध्यानातच आलं न्हाई."

लालासाहेबांनी सुनेकडं पाहिलं. ती भुगा गोळा करत होती.

"पण मुळात..." त्यांनी पेला पुन्हा तिच्यापुढं सरकवला. "मुळात चांगली व्हती का, पोरी?"

प्रियदर्शनीनं पेला बाजूला ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि कदाचित पुण्याचंही.

"आता नाही सांगता येणार, काका."

ती गेली. चहा तसाच राहिला. लालासाहेब पायरीवर बसले होते आणि दीपमाला पेले विसळत होती.

"म्या उभ्या केल्या व्हत्या," ते म्हणाले.

"ठावं हाय मला."

"तुला कळत व्हतं, असं ठिवू न्हाई?"

"ह्यांनी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

दीपमालानं नळ बंद केला.

"सांगायलाच आले हुते एका आयतवारी. दारापातूर आले. तुमी आत बाटल्यांम्होरं बसून ह्यास्नी पावसाचं सांगत हुता, बागंला कळी किती धरलीया ते सांगत हुता. घरात आमच्यासंगं तीन म्हैनं अक्षर बोलला नव्हता, आबा." तिनं पदरानं हात पुसले. "तशीच मागं फिरले."

लालासाहेब उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी सुनेला पाठीवर हात ठेवून कधी शाबासकी दिली नव्हती, आताही हात उचलला गेला नाही. ते पेवाच्या पायऱ्या उतरू लागले. थोड्या वेळानं दीपमाला मागोमाग दारापर्यंत आली.

आत नऊ बाटल्या उरल्या होत्या. लालासाहेब एकेक उचलत होते, मानेखाली हात धरून फळीवर आडवी करत होते. नाव वर येईल असं पाहत होते.

"आता आडव्या करून काय व्हणार, आबा?"

"कायबी न्हाई," ते म्हणाले. शेवटची बाटली त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरली. "निजू दे त्याला. लय दिस उभा केला म्या."