देवीच्या गुहेतले कोळी

"धूर कुठला गं हा?" चढता चढता हे एकदम थांबले.

"जाळत असेल कुणीतरी पाला. चला तुम्ही, साहेब दमलेत," मी म्हटलं. डब्याची पिशवी माझ्या हातात होती आणि पुण्याचे रेगे साहेब मागे धापा टाकत होते.

कोंडाणे गावाच्या वर, झऱ्याच्या अंगाला देवीची काळोखी गुहा आहे. आमचे हे कशेळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत, आणि अकरा वर्षं दर रविवारी त्या गुहेत जात. कशाला? तर कोळी बघायला! लोकांचे नवरे रविवारी मटण आणतात, आमचे बाटलीतून कोळी आणत. तांदळाच्या दाण्याएवढे, पांढुरके, आणि डोळेच नाहीत मेल्यांना. असा कोळी आजवर कुणी नोंदलेला नाही, असं यांचं म्हणणं. मी आधी हसले, मग चिडले, मग माहेरच्या लग्नांना एकटीच जायला लागले.

पुण्याला कोळ्यांचाच अभ्यास करणाऱ्या रेगे साहेबांनी मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांचं पत्र आलं, माद्या पुरणार नाहीत, पूर्ण वाढलेला नर हवा. नराच्या तोंडापाशी दोन इवले हात असतात, त्यांच्या टोकाच्या गाठीवरून जात ठरते. ती गाठ शेवटची कात टाकल्यावरच तयार होते. तसा नर यांना कधी मिळाला नाही. चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात एक दिसला, कात टाकायच्या बेतात. हात लावला तर दगावेल, म्हणून यांनी तो जागचा हलवला नाही, साहेबांना तार केली. साहेब डिसेंबरात निवृत्त होणार होते, त्यांच्यामागे हे काम बघणारं कुणी नव्हतं. तो आठवडाभर हे धड जेवले नाहीत. "विमल, नाव लागेल गं त्याला," एवढंच म्हणत.

गुहेच्या तोंडाशी गावातली गौराबाई आणि आणखी चौघीजणी उभ्या होत्या. डोक्याला फडकी, हातात खराटे. आतून कडुलिंबाचा धूर येत होता, आणि भिंती चुन्याने पांढऱ्याफेक झाल्या होत्या.

"या गुरुजी! घट बसायच्या आत उरकलं बगा," गौराबाई म्हणाली. "दरसाल आमी देवीपुरतंच झाडतो. यंदा पार आतवर गेलो. अकरा वर्सं तुमी येकेक कोळी बाटलीत भरून देवीचं घर साफ करत व्हता, आमी काय नुसतं बगत ऱ्हायचं? येकबी ठेवला नाय."

"साफ करत होतो?" यांनी विचारलं.

"नवस ना तुमचा, मुलासाठी? बाई बोलल्या बाजारात, हे कोळ्यांचं एकदाचं संपलं म्हंजे मी सुटले. लय वाईट वाटलं आमाला."

बोलले होते मी. मंगळवारी, भाजी घेताना, वैतागून. मूलबाळ नव्हतं आम्हाला, त्या बायांनी त्यांच्या परीने अर्थ लावला होता.

हे बॅटरी घेऊन आत गेले, पाठोपाठ साहेब. दोघांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. ओल्या चुन्याशिवाय काही नव्हतं. साहेब बाहेर येऊन दगडावर बसले.

"माझी खात्री आहे, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "पण नराशिवाय मला लिहिता येणार नाही हो. कुणी मानणार नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले.

वाटलं, आता ओरडतील. बायांवर नाही तर माझ्यावर तरी. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ते सोसलं असतं.

गौराबाईने नारळ पुढे केला. "नवस फेडून टाका, गुरुजी. झालात ना आता मोकळे?"

देवीपुढे यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, चुन्याचे हात विजारीला पुसले.

"झालो हो, गौराबाई. फार कष्ट घेतलेत तुम्ही."

मग नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले, एक साहेबांना दिला, पाची जणींना एकेक दिला. शेवटचा माझ्या तळहातावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.