धुतलेला कावळा

आमच्या दाराच्या वर, भिंतीत, हातभर रुंदीचा एक दगड बसवलेला आहे आणि त्यावर एक पक्षी कोरलाय. गल्लीत प्रत्येक घरावर असा एकेक कोरीव दगड आहे, कारण घरांना नंबर नव्हते तेव्हा लोक त्यावरूनच पत्ता सांगायचे. पुढे नंबर आले, पण तोंडातली सवय काही गेली नाही. समोरच्या त्या किटलीवाल्या काकू, त्यांच्या पलीकडे तीन माशांचे मास्तर, आणि आम्ही कावळ्याकडचे. शाळेत मला सगळे कावळी म्हणायचे. रंगही तसाच असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आता घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी चौकातल्या दुकानात जन्मभर लोकांचे केस कापले. अजूनही स्वतःची दाढी अशी करतात की गालावर ओरखडा दिसायचा नाही. पण बाकीचं एकेक करून निघून चाललंय. आधी आकडे गेले, मग वार, मग माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं नाव. शेवटचं मलाही विसरायला आवडलं असतं. मी घरीच पडदे शिवते, लोकांचे कपडे आवळून-उसवून देते, आणि मशीनवर बसल्या बसल्या बाबांवर लक्ष ठेवते. गॅस बंद केला का, चष्मा कुठे ठेवला, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. नाकी नऊ येतात. हे बोलून दाखवलं की लोकांना वाटतं, हिला बापाची माया नाही.

एक तास मात्र माझा होता. दुपारचा चहा झाला की बाबा टोपी घालून नदीकाठच्या बाकापर्यंत जात आणि परत येत, एकटेच. आमची गल्ली म्हणजे सगळी घरं एका साच्यातली. तीच तांबडी वीट, तीच हिरवी दारं, त्याच पायऱ्या. तरी बाबा चुकत नसत. मान वर करून एकेक दगड बघत यायचे, जहाज, किटली, मासे, आणि कावळा दिसला की आत वळायचे. त्या तासात मी काहीही करत नसे. मशीन बंद करायचं आणि फरशीवर आडवं व्हायचं. हाक मारणारं कुणी नाही, एवढंच सुख. त्या एका तासाच्या जोरावर माझे उरलेले सगळे तास ढकलले जायचे.

मग नगरपालिकेने हे जुने दगड साफ करायला काढले. आमच्याकडे एक पाथरवट आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, चांगला माणूस. त्याने शिडी लावली, जाळी बांधली आणि ओल्या बोळ्यांनी काजळी उतरवायला बसला. बाबांना तेव्हा खोकला झाला होता, ते घरातच होते. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात, पण आमचा कावळा धुवावा तसा पांढरा होत गेला. शेवटी तो हंस निघाला. खाचांमध्ये जुन्या रंगाचे कण सापडले, त्याबरहुकूम पाथरवटाने त्याची चोच नारिंगी केली आणि पायाखालचं पाणी निळं. किती पिढ्यांच्या चुलींचा धूर खाऊन बिचारा कावळा झाला होता. अख्खी गल्ली बघायला जमली. किटलीवाल्या काकू म्हणाल्या की इतकी वर्षं तुम्हाला उगाच नावं ठेवली. मी पण हसले. मला तो हंस आवडला होता, खोटं कशाला बोलू.

खोकला बरा झाल्यावर बाबा बाकापर्यंत गेले आणि घरी आलेच नाहीत. दिवेलागणीला मास्तर त्यांना हाताला धरून घेऊन आले. बाबा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. आत येताच ते दमून खाली बसले.

"कावळ्याचं घर पाडलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना बाहेर नेऊन हंस दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पाथरवट तेव्हा चार घरं सोडून जहाजाच्या शिडांवर काम करत होता. मी शिडीखाली उभं राहून त्याला म्हटलं की आमचा पक्षी पुन्हा काळा करून द्या. तो हसला नाही. खाली उतरला, हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की नगरपालिकेने पास केलेलं काम त्याला फिरवता येत नाही, आणि मी स्वतः काळं फासलं तरी ते पहिल्या पावसात निघून जाईल, कारण दगडावर आता लेप दिलाय. काजळी धरू नये म्हणूनच तो लेप असतो. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. कुणी वाईट वागलंच नव्हतं.

मग मी पत्र्याचा कावळा कापला, काळा रंगवला आणि दारावर टांगला. बाबा परत येताना मी खिडकीतून बघत होते. ते थांबले, त्यांनी पत्र्याला बोट लावलं, तो हलला.

"हा आमचा नाही," ते कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले. "आमचा दगडात आहे." आणि पुढे चालू लागले.

धाकट्याला फोन केला. तो दूरच्या शहरात असतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणाला, त्यात काय, दाराला आतून कुलूप घाल, किल्ली तुझ्याजवळ ठेव. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे त्याला फोनवर सांगून उपयोग नव्हता. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी खरंच कुलूप घातलं. चहा झाला, बाबांनी टोपी घातली आणि ते दारापाशी जाऊन उभे राहिले. कडी काढून बघितली, दार ओढून बघितलं. रागावले नाहीत, मला काही विचारलंही नाही. दुकान उघडायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे उभे राहिले, आणि मी मागे फरशीवर आडवी व्हायचं सोडून त्यांच्या पाठीकडे बघत बसले. आवाज करून भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशीही तसेच उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मीच कुलूप काढलं.

ते गेल्यावर मी मशीनजवळचं स्टूल उचललं, कुणाच्या तरी पँटची दुमड टाके घालायला घेतली आणि पायरीवर जाऊन बसले. डोळे मिटत होते. सुई दोनदा बोटात गेली.

बाबा आले. प्रत्येक दारापुढे थांबत होते, मान वर करत होते, पुढे सरकत होते. आमच्या दारापाशी आले तेव्हा त्यांनी हंसाकडे बघितलं. ओळखीची एक रेषही चेहऱ्यावर उमटली नाही. पुढे जायला वळले आणि तेवढ्यात त्यांची नजर खाली आली.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"बसलेय, बाबा."

"म्हणजे हे आपलंच घर?"

"हो, आपलंच."

त्यांचा चेहरा असा खुलला की कित्येक महिन्यांत मी तसा बघितला नव्हता. मला ओळखलं, दगडाला नाही. मला फार आनंद झाला. ते कठड्याला धरून पायऱ्या चढले, माझ्याजवळ टेकले आणि हळूच, गुपित सांगावं तसं म्हणाले,

"मग रोज इथेच बसत जा. या वेळेला. वरचं ते काही खरं नाही, तू दिसलीस की मी चुकणार नाही."

"बसेन," मी म्हटलं.

ते समाधानाने आत गेले. मला रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं, माझा तास गेला म्हणून होतं, आणि तो त्यांनी इतक्या प्रेमाने मागितला होता की नाही म्हणायला जागाच नव्हती. आतून त्यांनी चष्मा कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं, आणि उद्यापासून स्टुलावर ठेवायला एखादी उशी शोधायला उठले.